साडूंना मुंबई दाखवताना

एप्रिलमधल्या एका रविवारी जेवण झाल्यावर धोंडू पेडणेकराला करायला काही सुचेना, म्हणून त्याने गावाकडच्या साडूला एक पोस्टकार्ड लिहिलं. साडूला पोस्टकार्ड लिहिणं हा काही गुन्हा नाही. पण "इकडील सर्व कुशल" लिहून झाल्यावर कार्डावर दोन बोटं जागा उरली. तिथे धोंडूने आणखी एक ओळ बसवली, "मे महिन्याच्या सुटीत उभयतांनी मुंबई पाहावयास यावे, सर्व मुंबई मी जातीने दाखवीन." (धोंडूला बोलण्यातसुद्धा जागा उरलेली चालत नसे, तर कार्डावर कुठून चालणार?) आणि कार्ड कोरडं व्हायच्या आत तो जिना उतरून पेटीत टाकूनही आला.

हे साडू म्हणजे शामराव मास्तर. मालवणजवळच्या एका गावात शाळेवर होते. धोंडूची बायको सुभद्रा, तिची धाकटी बहीण मालन त्यांना दिलेली. धोंडू स्वतः लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात मागावर होता आणि गिरणीमागच्या चाळीत एका खोलीत राहत होता. दर शिमग्याला तो गावी जाई. एकटाच जाई, कारण सुभद्रा त्या खोलीत खानावळ चालवायची. गिरणीतली आठ माणसं दोन्ही वेळा तिच्याकडे जेवत, आणि आठ जणांची भूक काही शिमग्याची रजा घेत नाही. लग्न होऊन सुभद्रा बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली, त्याला चौदा वर्षं झाली होती. ती परत बोटीत चढली नाही. आई वारल्याची तार आली त्या दिवशीसुद्धा तिने आधी आठ जणांना वाढलं आणि मग मोरीत जाऊन रडली.

गावी साडूंच्या ओसरीवर बसून धोंडू मात्र वेगळंच सांगे. "सुभद्रा? ती कसली येते इथं. तिला रोज संध्याकाळी चौपाटी लागते. मीच म्हणतो, जा, जरा हवा खाऊन ये." मालन हे ऐकून सुस्कारा टाकी. आपली अक्का राणीसारखी राहते, या समाधानावर ती पुढचं वर्ष काढायची. धोंडूला त्यात काही गैर वाटत नसे. आपण बायकोची अब्रूच वाढवतो आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

खरं सांगायचं तर चौपाटी धोंडूनेही पाहिली नव्हती. त्याची मुंबई वर परळच्या नाक्याला संपायची आणि खाली भायखळ्याच्या पुलाला. एका बाजूला गिरणीचं गेट, दुसऱ्या बाजूला काळाचौकी. या चौकोनाबाहेर तो फक्त बोट पकडायला जाई, तेही कुणाच्या तरी मागोमाग. बावीस वर्षं झाली होती त्याला मुंबईत येऊन.

आणि हाच माणूस चाळीच्या समितीचा अध्यक्ष होता. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. लालबाग-परळात माणूस जेवायचा विसरेल, पण सभा विसरणार नाही. चाळीच्या जिन्यावर धोंडूने स्वतःच्या हाताने गेरूने हातभर अक्षरात लिहिलं होतं, 'मुंबई आमची'. संध्याकाळी नाक्यावर उभा राहून तो असा बोले, की ऐकणाऱ्याला वाटावं, मुंबईचा सातबारा याच्या खिशात आहे. मोर्चा निघाला की मात्र त्याचा उजवा गुडघा धरत असे. (सभेला तासतास उभा राहणारा गुडघा मोर्च्यालाच का धरतो, हे चाळीत कुणी विचारलं नाही. अध्यक्षांना असलं विचारायची पद्धत नव्हती.)

दहाव्या दिवशी मास्तरांचं उत्तर आलं. येत आहोत. सोबत यादी जोडली होती. गेटवे, राजाबाई टॉवर, म्युझियम, फ्लोरा फाउंटन, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, मत्स्यालय, महालक्ष्मी... अशी सतरा ठिकाणं होती. समोर 'पाहण्याचे कारण' आणि 'लागणारा वेळ' असे दोन रकाने शाळेच्या हजेरीसारखे आखलेले. धोंडूने ती यादी तीनदा वाचली आणि पाणी मागितलं.

सुभद्रा भाकऱ्या थापत होती. तिने यादी ऐकून घेतली. तवा उतरवला. मग म्हणाली,
"ह्या खेपेक माकाय येवचा आसा."
"खय?"
"तुमच्यावांगडा. माका एकदा दर्यो बघूचो आसा. तासभर काठार बसतंय. आणखी काय नको."

मालवणला तिच्या माहेरच्या अंगणातून समुद्र दिसायचा. भरतीच्या वेळी तो कुंपणापर्यंत यायचा आणि हिच्या निजण्याउठण्यात त्याचा आवाज असायचा. लग्न झालं आणि ती ज्या गावाला आली, त्याला म्हणे तिन्ही बाजूंनी समुद्र होता. चौदा वर्षं तिने त्याचा एक थेंब पाहिला नव्हता. एवढं साधं मागणं तिने यापूर्वीही चार-पाच वेळा केलं होतं आणि दर वेळी धोंडूने "बघू" म्हटलं होतं.

या वेळी मात्र तो चटकन हो म्हणाला. बायकोची दया आली म्हणून नव्हे. मालन विचारणार, अक्का बरोबर का नाही, ही धास्ती होती. पण हो म्हटल्यावर दुसरीच पंचाईत त्याच्या ध्यानात आली, आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्याने सुभद्रेची तालीम घेतली.

"ह्या बघ, तू चौपाटीर रोज जातंस. ध्यानात ठेव."
"बरा."
"समुद्र दिसलो की डोळे मोठे करू नको. आपण रोज बघतो तसा बघूचा. मालनीन काय इचारल्यान तर म्हण, आज पाणी जरा कमीच आसा."

सुभद्रा त्याच्याकडे बघत राहिली. चौदा वर्षांनी समुद्र बघायचा आणि तोही कंटाळल्यासारखा बघायचा, असा तो हुकूम होता. मग ती पीठ मळायला बसली. हिला पटलं, असं धोंडू धरून चालला.

पाहुणे आले. मास्तर डोक्यावर टोपी, हातात वही. मालन बहिणीच्या गळ्यात पडली आणि मग मागे सरून तिला निरखत राहिली. राणीसारखी राहणारी अक्का इतकी वाळली कशी, हे तिला कळेना. "हवेन," धोंडूने घाईघाईने सांगितलं. "समुद्राची हवा खारट असते ना."

रविवारी सुभद्रा पहाटे तीनला उठली. दोन्ही वेळचं रांधलं, आठ जणांचं झाकून ठेवलं. दुपारचं वाढायला शेजारची चंपा तयार झाली होती. रात्रीचं वाढायला आठच्या आत घरी पोचायचं, हे धोंडूने जिना उतरेपर्यंत दोनदा बजावलं. सुभद्रेने लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. ते जरा सैल झालं होतं.

आणि मुंबई दाखवायला सुरुवात झाली.

लालबागच्या नाक्यावर धोंडूने समोर आलेली ट्राम थांबवली आणि चौघे चढले. ट्राम सुटताना सुभद्रा हळूच म्हणाली, "पलीकडच्या बाजूची व्हयी होती." धोंडूने तिच्याकडे असं पाहिलं, की ती खिडकीबाहेर बघू लागली. वीस मिनिटांनी ट्राम दादरला जाऊन उभी राहिली. तिथून पुढे ती जातच नव्हती.

"हे काय आहे?" मास्तरांनी वही उघडली.
"दादर."
"यादीत नाही."
"यादी करणाऱ्याला काय माहीत," धोंडू म्हणाला. "मुंबईत आलेला माणूस पहिल्यांदा दादर बघतो. तशी रीतच आहे."

मास्तरांनी 'दादर' असं लिहून 'पाहण्याचे कारण' या रकान्यात 'रीत' असं लिहिलं. चौघांनी उन्हात उभं राहून दहा मिनिटं दादर पाहिलं. मग सुभद्रेने कुणाला न विचारता रस्ता ओलांडला, म्युझियमची पाटी असलेल्या ट्रामसमोर उभी राहिली आणि मालनला वर घेतलं. धोंडू मागून चढला. हिला पाटी कुठून वाचता आली, असा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला. पण सुभद्रा चौथी शिकलेली आहे, हे त्याला आठवलं आणि प्रश्न मिटला.

फोर्टात उतरल्यावर धोंडूची खरी परीक्षा सुरू झाली. रविवार असल्यामुळे रस्ते ओस. विचारायलासुद्धा कुणी नाही. त्याच त्या गल्ल्यांत फिरण्यात दुपार गेली. समोर दगडी फवारा आणि त्याच्यावर एक पांढरी बाई उभी. मास्तरांनी बोट दाखवलं.
"ही कोण?"
आता इथे "माहीत नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बावीस वर्षं मुंबईत राहिलेल्या अध्यक्षाच्या तोंडून हे दोन शब्द निघायला फार त्रास होतो.
"ही मुंबादेवी," धोंडू म्हणाला.

मालनने ताबडतोब चप्पल काढली. पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. केसातल्या अबोलीच्या गजऱ्यातली दोन फुलं काढून कठड्यावर वाहिली आणि डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागत राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. काय मागत असेल ते उघड होतं. धोंडूला पहिल्यांदाच जरा लाज वाटली, पण आता देवी मागे घेता येईना.

सुभद्रेला ते बघवलं नाही. तिने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.
"ऊठ गे. ती देवी नाय. फवाऱ्याची बाय आसा ती, इंग्रजांची. मुंबादेवी हयसर नाय."
"तुका काय म्हाईत?" धोंडू गुरगुरला.
"म्हाईत आसा," ती म्हणाली. "तो थय उंच दिसता तो राजाबाई टॉवर. त्येच्या फुडे तो गोल घुमट म्युझियमचो."

मास्तर भराभरा लिहू लागले. अक्का रोज फिरते, तिला माहीत असणारच, अशा समाधानाने मालन मान हलवत होती. तिच्या सगळ्या गोष्टी बरोबर जुळत होत्या. जुळत नव्हतं ते एकट्या धोंडूचं. ही बाई चौदा वर्षं चुलीपुढून हलली नाही, हे त्याच्याइतकं कोण जाणत होतं?

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक हवालदार चालत आला. पोट सुटलेला, साताऱ्याकडचा. सुभद्रेपाशी येऊन तो थांबला, निरखून पाहिलं आणि ओळखीचं हसला.
"काय बाई, आज एकट्याच? बाकीच्या कुटं हायत?"

सुभद्रेने पदर सारखा केला.
"आज पाहुणे इलेत," ती म्हणाली. "आज काय नाय."
"मंग बरं. आमचाबी आईतवार हाय." हवालदार आता मास्तरांकडे वळला, कारण वही बघून त्याला हेच घरचे कर्ते वाटले. "सत्याग्रहाच्या दिशी ह्या बायांना उचललं आमी हितनंच. तीस जणी हुत्या. समद्या घोषना देत्यात आन् ह्या बाई डायवरला म्हंत्यात, 'भावा, गाडी सावकाश हाक, आमी मुंबई बघितलेली न्हाई.' आता अशा मानसाला अटक करायची म्हंजी..." तो मान हलवत हसला. "डायवरनं बी हाकली सावकाश. दोन रस्ते जास्तीचं फिरवलं."

सलाम ठोकून हवालदार निघून गेला. मास्तरांनी वही मिटली आणि टोपी काढून हातात घेतली.
"अक्का, तुम्ही सत्याग्रह केलात?"
"चाळीतल्या सगळ्याच गेलेल्या," सुभद्रा म्हणाली. "चंपा, मीराबाई, सगळ्या."

चाळीतल्या सगळ्या. म्हणजे अध्यक्ष सोडून सगळ्यांना माहीत होतं. अशा वेळी नवऱ्याला अभिमान वाटायला हवा, असं नाक्यावर धोंडूनेच कितीदा सांगितलं होतं. त्याला आला तो राग. बायको न सांगता गेली याचा होताच, पण आपण जिथं गेलो नाही तिथं गेली, याचा त्याहून जास्त होता. आणि साडूसमोर बावीस वर्षांची मुंबई एका हवालदाराने दोन मिनिटांत काढून घेतली, हे तर सहनच होईना.

"चला घरी," तो म्हणाला. "बघितली तेवढी मुंबई पुरे. आठला माणसं जेवायला येतील."
"पाच वाजलेत," मास्तर म्हणाले. "गेटवे जवळच असावा."
"मास्तर, गेटवे कुठं पळून जात नाही. चल गो."

सुभद्रा हलली नाही. आवाजही चढवला नाही.
"तुमी जावा. मी दर्यो बघून येतंय."
"आणि त्येंका वाढतलो कोण?"
"झाकून ठेवलंय. वाढून घेतीत. हात आसत त्येंका."

ती मालनचा हात धरून चालू लागली. मास्तर त्यांच्या मागे. धोंडू फवाऱ्यापाशी उभा राहिला. घरी जायचा त्याचा निश्चय पक्का होता. फक्त लालबागची ट्राम कुठल्या बाजूने मिळते, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने एक ट्राम जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. मग गुडघा सांभाळत तो त्या तिघांच्या मागे धावत निघाला.

गेटवेच्या कठड्यावर सुभद्रा बसली होती. पाय जवळ घेऊन, हनुवटी गुडघ्यावर. समोर पाणी होतं, मालवणला असतं तसंच, जरा मळकट. लांब बोटी उभ्या होत्या. तिने डोळे केवढे तरी मोठे केले होते आणि ते पुसायचेही तिच्या लक्षात नव्हते.

"अक्का," मालनने विचारलं, "तू पयल्याच खेपेक बघतंस?"
"व्हय गे."
"त्या गाडीतसून दिसलो नाय?"
"गाडीक जाळी होती. दर्यो होतो ह्या बाजूक नि मी बसलंय त्या बाजूक. वाकान बघूक गेलंय तर शिपाय म्हणालो, बाय, गप बस."

मालन रडायला लागली. सहा वर्षं ओसरीवर ऐकलेलं सगळं तिला त्या एका वाक्यात कळलं. तिने एकदाच मान वळवून भावोजींकडे पाहिलं. धोंडू अशा वेळी नेहमी काहीतरी बोलतो. पण मास्तरही त्याच्याकडेच बघत होते, म्हणून तो लांब उभ्या असलेल्या बोटी मोजू लागला.

सहा वाजले, साडेसहा वाजले. चणेवाला येऊन गेला. मास्तर आणि मालन उठून कमान बघायला गेले. कठड्यावर नवराबायको दोघंच राहिले, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"माका सांगलंस कित्याक नाय?" धोंडूने शेवटी विचारलं.
"तुमी इचारलात कधी?" ती पाण्याकडेच बघत म्हणाली. "त्या दिवशी गिरणी बंद. तुमी जेवान झोपलात. मी म्हटलंय, देवळात कीर्तनाक जातंय. तुमी कूस बदललात. सांजेक आमका सोडल्यानी, तेव्हा ट्राम धरून इलों. तुमी नाक्यार हुबे होतात. फोर्टात काय काय झाला, ता लोकांका सांगत होतात. मी तुमच्या पाठसून गेलंय."
धोंडूला ती संध्याकाळ आठवली. त्या दिवशी भाषण फार रंगलं होतं.
"रातीक तुमी म्हणालात, डाळ पातळ झाली," सुभद्रा पुढे म्हणाली. "झालीच होती. घाईत केलेली. पण दुपारचा मी चौकीर जेवलंय. पाव नि कसली तरी भाजी. मीठ नव्हता तिच्यात. पण बसान जेवलंय, नि कोणी तरी माका वाढल्यान. चौदा वर्सांत पयल्यांदा."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. जेवण कसं होतं, ते सांगत होती. धोंडूला ते कुठेतरी आत लागलं. बायकोला बसून जेवायला मिळावं म्हणून सरकारला तिला अटक करावी लागली, एवढं त्याला नक्की कळलं. या क्षणी तो चांगलं काही बोलला असता, तर ही गोष्ट त्याच्या बाजूने संपली असती. तो तोंड उघडून बोलायला गेलाही. पण माणूस अध्यक्ष असला की त्याच्या मनात आधी एकच गोष्ट येते. चळवळीच्या कागदांत आपलं नाव कुठेतरी लागायला हवं. तो जरा जवळ सरकला.

"चौकीर नावा लिवून घेतल्यानी असतीत ना?"
"घेतल्यानी. वहीत."
"नवऱ्याचाय नाव लिवतत. अमक्याची बायको म्हणान."
"इचारल्यानी."
"मग? माझा नाव लागला?"

सुभद्रेने पहिल्यांदा समुद्रावरून नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिलं.
"मी तुमचा नाव कसा घेतलंय असतंय? बायलमाणसान घोवाचा नाव घेवचा? हवालदारान तीन खेपा इचारल्यान, मी बोलूक नाय. मगे कंटाळलो नि म्हणालो, नाव र्‍हवांदे, घोव खय आसा ता तरी सांग. मी सांगितलंय, घराक झोपलोहा." ती पुन्हा पाण्याकडे वळली. "त्यान तसाच लिवल्यान."